महाकफची पहिली बॅच

१ जानेवारी १९९८, गुरुवार
या वर्षी तीन गोष्टी नक्की. रोज सकाळी कळंब्याच्या तळ्यापर्यंत चालायचं. मधुवंतीवर चिडायचं नाही. आणि आवटी फार्माचं स्वतःचं खोकल्याचं औषध बाजारात आणायचं. आजवर शिरोलीच्या शेडमध्ये दुसऱ्यांच्या नावाची मालिशची तेलं बाटल्यांत भरून दिली. त्यासाठी का बी.फार्म. झालो?
आज चाललो नाही. थंडी फार.

४ जानेवारी, रविवार
कल्पना सुचली. आंघोळ करताना. खोकल्याची सगळी औषधं साखरेच्या पाकात असतात. आपण गुळाच्या पाकात करायचं! अडुळसा, ज्येष्ठमध, तुळस आणि कोल्हापूरचा गूळ. वडिलांची, आप्पांची, शाहूपुरीत गुळाची अडत, म्हणजे मालाची चिंता नाही. आयुर्वेदिकचं लायसन्स आहेच. इतक्या वर्षांत हे कुणालाच कसं सुचलं नाही?
बायकोला, वर्षाराणीला सांगितलं. ती डबा भरत होती. म्हणाली, सुचलं असेल की कुणाला तरी, मग त्यांनी का केलं नाही ते आधी बघा. बँकेत नोकरी केली की माणूस असा होतो.

९ जानेवारी
नाव ठरलं. महाकफ. माझ्या महालिंग या नावातला महा, पुढे कफ.
मधुवंती म्हणाली, "सर, याचा अर्थ मोठ्ठा कफ असा होतो." मधुवंती आमची केमिस्ट. कॉलेजात माझ्यामागे दोन वर्षं होती, पुढे एम.फार्म., गोल्ड मेडल वगैरे. हुशार आहे, पण पुस्तकी. मी शांतपणे सांगितलं की लोक अर्थ बघत नाहीत, नाव लक्षात राहतं का ते बघतात. शांतपणे म्हणजे, आवाज थोडा चढला. कोल्हापुरात एवढा आवाज असतोच.

२१ जानेवारी
पहिली ट्रायल. गुळाचा पाक इतका घट्ट झाला की फिल्टरमधून उतरेना. कापड फाटलं. दुसरं लावलं, तेही फाटलं. मधुवंतीने पातेल्याशेजारी उभं राहून लेक्चर दिलं. म्हणे औषधाच्या पाकात दोन भाग साखर आणि एक भाग पाणी असतं ते काय गोडीसाठी नाही. एवढ्या साखरेत जंतूंना वाढायला मोकळं पाणीच उरत नाही, म्हणून पाक महिनोन्‌महिने टिकतो. पातळ केलात की आंबलाच समजा. गुळात तर यीस्ट आधीच मुक्कामाला असतं.
सगळं ऐकून घेतलं. मग पाणी वाढवायला सांगितलं. झरझर उतरलं! प्रॅक्टिकल ज्ञान म्हणतात ते हे.
शिवाय पातळ औषध घशाखाली लवकर जातं. जाहिरातीत घालता येईल.

५ फेब्रुवारी
आज तत्त्वाचा प्रश्न आला. औषध टिकावं म्हणून त्यात थोडं सोडियम बेंझोएट घालायलाच हवं, असं मधुवंतीचं म्हणणं. पण लेबलं छापून आलीत आणि त्यावर 'शंभर टक्के नैसर्गिक' असं हिरव्या अक्षरांत आहे. मी गिऱ्हाइकाशी खोटं बोलू? ती म्हणाली, लेबल बदला. म्हणजे तिच्या दृष्टीने सत्य बदलायचं.
मग म्हणाली, निदान नमुने उबदार कपाटात महिना-दोन महिने ठेवू, काय होतं ते बघू, मगच विकू. मी हो म्हटलं. नमुने काय, माल पाठवल्यावरसुद्धा ठेवता येतात. खोकला थंडीत असतो. दोन महिने थांबलो तर उन्हाळ्यात कोण खोकणार आहे?
चालायला जायचं राहिलं. उद्यापासून.

२५ फेब्रुवारी, महाशिवरात्र
पहिली बॅच गेली!! आप्पांनी पहिल्या खोक्याला विभूती लावली.
सगळा माल सोमेशने उचलला. सोमेश म्हणजे वर्षाराणीचा धाकटा भाऊ, जयसिंगपूरला औषधांचा होलसेल धंदा. माझ्या शब्दाखातर त्याने एका जुन्या कंपनीची एजन्सी सोडली. म्हणाला, "दाजींचं औषध आस्ताना दुसऱ्याचं कशाला इकू?" माणूस ओळखतो तो.
भरताना मात्र तमाशा झाला. पाक गरम होता. टेम्पो दारात, ड्रायव्हरला संध्याकाळी देवळात जायचं होतं, तो हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, गरमच भरा. मधुवंती मशीनसमोर आडवी उभी राहिली. गरम भरलं की वाफ झाकणाखाली जमते, तिचं पाणी होऊन वरच्या थरावर पडतं, तो थर आणखी पातळ होतो आणि आंबायला तिथूनच सुरुवात होते, वगैरे. मी म्हटलं, बाजूला हो. जरा जोरात म्हटलं. फिल्टरवरचा माणूस हातातलं टाकून बाहेर गेला.
उपवास होता, त्यामुळे. राग आवरण्याचा संकल्प उद्यापासून.

११ मार्च
यश. सोमेशचा फोन, दुकानदार पुन्हा मागतात. इचलकरंजीहूनही विचारणा. गारगोटीच्या मुलींच्या वसतिगृहाला एक खोका भेट दिला होता, त्याचा फोटो पेपरात आला. मी डावीकडून दुसरा. निम्मा कापला गेलाय, पण बाटली पूर्ण दिसते.
मधुवंतीने ठेवलेल्या नमुन्यांतली एक बाटली उजेडात धरून दाखवली. तळाला गाळ. मी म्हटलं, नैसर्गिक आहे, लेबलावर 'हलवून घ्या' आहेच. मग तिने बारीक बुडबुडे दाखवले. तळातून सुटून वर येतात, सारखे.
जिवंत औषध! हा शब्द छान आहे. लिहून ठेवतो.

२ एप्रिल
उकाडा वाढलाय. नमुन्यांची झाकणं फुगली. झाकणं पुरवणाऱ्याला कडक भाषेत पत्र टाकलं. असला माल खपवून घेणार नाही.
मधुवंतीने एक झाकण सोडलं तर फस्स झालं. म्हणाली, ताडीचा वास येतोय. मला तरी पिकल्या फळासारखा आला. ती खुर्चीवर बसली. माझ्यासमोर ती सहसा बसत नाही. "सर, आजच्या आज विक्री थांबवा. सगळा माल परत बोलवा." मी म्हटलं आठवडाभर बघू. ती म्हणाली, कशाची वाट बघायची? मी म्हटलं, उकाडा कमी होण्याची.
एप्रिलमध्ये. हे नंतर लक्षात आलं. पण बोलून गेलो होतो.

९ एप्रिल, गुरुवार
सोमेशचा फोन. "दाजी, माळ्यावर बाटल्या फुटाय लागल्यात. सकाळपास्नं फटाफट चाललंय. खाली गिऱ्हाईक बसलंय आन् वर बार उडतोय."
मी विचारलं, माळ्यावर पत्रा आहे ना? "हाय की." मग? उन्हात ठेवल्यावर कुठलंही औषध काय करेल? स्टोरेजचा दोष आहे. खाली सावलीत हलव.
"हलवू कसं? हात लावला की उडतीया."
मग म्हणाला, "दाजी, औषध बरं हाय न्हवं? घरी बी एक बाटली न्हेलीया."
म्हटलं, व्हय.
मधुवंतीला सांगितलं नाही. ती आनंदी झाली असती. खरं तर झाली नसती. पण सांगितलं नाही. जेवण गेलं नाही. उन्हामुळे.

१२ एप्रिल, रविवार, दुपारी
जयसिंगपूरहून फोन. वर्षाराणीने घेतला. घरातल्या बाटलीचं झाकण आपोआप उडालं. अर्णव, सोमेशचा मुलगा, चार वर्षांचा, स्वयंपाकघरात एकटाच होता. फेस बघून त्याला सरबत वाटलं. अर्ध्याहून जास्त प्यायला. आधी खूप हसत होता, भिंतीला धरून चालत होता, मग पडला. आता हाक मारली तरी उठत नाही. दवाखान्यात नेतायत.
वर्षाराणी सांगत होती तेव्हा पहिल्यांदा मनात आलं ते असं, की मुलांना चव आवडते. दुसऱ्यांदा काय आलं ते लिहीत नाही.
ती पायात चप्पल घालून व्हॅनपाशी उभी आहे. निघतो.

तोच दिवस, संध्याकाळी, जयसिंगपूर
दवाखान्याच्या बाकावर. डायरी बरोबर आणली. हाताला काहीतरी हवं.
डॉक्टरांनी अर्णवच्या तोंडाचा वास घेतला आणि सोमेशला विचारलं, घरात दारू कोण पितं? सोमेशच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही. त्याने बाटली टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी हुंगली. लेबल वाचलं, नैसर्गिकपर्यंत. म्हणाले, हे कुणी बनवलं?
मी पुढे होऊन सांगायला लागलो की आयुर्वेदात आसवं असतात, त्यांत अल्कोहोल नैसर्गिकरीत्या तयार होतं, शास्त्रसंमत आहे.
वर्षाराणी म्हणाली, "यांनी."
एवढंच. डॉक्टरांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत गेले. लहान मुलांच्या रक्तातली साखर यात एकदम उतरते, सलाइन लावलंय, शुद्धीवर येईपर्यंत बघायचं म्हणतात. दारातून हात दिसतो. सुई टोचलेला, खाली पुठ्ठा बांधलेला. पुठ्ठा औषधाच्या खोक्याचाच आहे. आमच्या नाही.
सोमेश बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलाय. शिव्या देईल असं वाटलं होतं. देत नाही. मोठ्याने बोलतही नाही. बायकोला फक्त म्हणाला, "तू घरला जाऊन ये, मी हाय." सोमेश एवढ्या हळू बोलू शकतो हे माहीत नव्हतं.
मधुवंतीला एसटीडीवरून फोन केला. सगळं सांगितलं. मला वाटलं ती म्हणेल, मी सांगितलं होतं सर. ती म्हणाली, "बाळ श्वास नीट घेतंय का?"

१३ एप्रिल, सोमवार, सकाळी
अर्णव उठला. डोळे लाल, डोकं दुखतंय म्हणतो, पण दूध मागितलं. डॉक्टर म्हणाले धोका टळला. व्हॅनमध्ये वर्षाराणीला म्हटलं, बघ, एवढं घाबरण्यासारखं नव्हतं.
घर आल्यावर ती म्हणाली, "गारगोटीचा खोका?"
जयसिंगपूर, इचलकरंजी, सगळ्या दुकानांना सोमेश आणि मधुवंती कालपासून फोन करतायत. सोमेश तर दवाखान्याच्या फोनवरून. माल परत येतोय. गारगोटीच्या वसतिगृहाचा फोन लागत नाही.
मी म्हटलं, परीक्षा संपल्या असतील, मुली घरी गेल्या असतील. काही झालं असतं तर कळवलं असतं. उद्या जाऊ, आज दोघंही दमलोय. शिवाय पेट्रोल कमी आहे.
वर्षाराणीने बँकेत रजा कळवली. पेट्रोलच्या काट्याकडे बघितलं. अर्धी टाकी होती.
निघालो.

तोच दिवस, गारगोटीहून आल्यावर
मुधाळ तिठ्ठ्यावर चहाला थांबूया म्हटलं. वर्षाराणी म्हणाली, परत येताना.
वसतिगृहाच्या फाटकातून आत शिरलो आणि समोरच्या व्हरांड्यात मुली. ओळीने. सगळ्या आडव्या.
मला गाडीतून उतरता येईना. वर्षाराणी पळत गेली. एका मुलीला खांद्याला धरून हलवलं. मुलगी डोळे चोळत उठून बसली आणि म्हणाली, "काय वं बाई, आत्ताच डोळा लागलावता."
सकाळी पेपर होता. दुपारी झोपल्या होत्या. बाकी काही नाही.
मी उतरलो. शर्ट पाठीला चिकटला होता. गाडीत हवा येत नाही.
तिथल्या मॅट्रन झुंबरबाई बाहेर आल्या. उजव्या हाताला मनगटापर्यंत बँडेज. "पावणं, तुमीच का त्ये औषिदवालं? फोटूत निम्मंच दिसला हुतासा." पहिल्या आठवड्यात सगळ्या मुलींना चमचा चमचा दिलं म्हणाल्या. मग एका पोरीने नाकात झोंबतंय म्हणून सांगितलं, तेव्हा बंद केलं. परवा कपाट उघडलं तर आत एक बाटली फुटली. तळहाताला टाके पडले.
"माझ्या हातावर निभावलं. रोज त्ये कपाट पोरीच उघडत्यात."
हे त्यांनी सहज सांगितलं. आमचं चहापाणी विचारलं, त्याच आवाजात.
उरलेल्या बाटल्या त्यांनी अंगणात पाण्याच्या बादलीत ठेवून वर ओलं पोतं टाकलं होतं. वर्षाराणी त्या उचलू लागली तशा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "एक ऱ्हाऊ द्या की. रोज जरा घेतलं की गुडघं लई हलकं हुत्यात." मी एक देणार होतो. एवढ्या सगळ्यात एकतरी समाधानी गिऱ्हाईक. वर्षाराणीने माझ्या हातातून बाटली घेतली.
परत येताना चहाला थांबलो नाही.

२० एप्रिल, सोमवार
माल परत आला. शेडच्या मागे मधुवंतीने सगळा नष्ट करायला घेतला. डोळ्यांना गॉगल, हाताला जाड मोजे, बाटलीवर ओलं फडकं टाकून झाकण सोडायचं, मोरीत ओतायचं. मी मदतीला गेलो. म्हणाली, सर, तुम्ही लांब थांबा. काळजीपोटी म्हणाली.
मोरीपाशी मुंग्या आणि माश्या. शेजारच्या फाउंड्रीतली माणसं वासाने डोकावून गेली.
अकराच्या सुमारास ड्रग इन्स्पेक्टर आले. मधुवंतीनेच कळवलं होतं. मी त्यांना केबिनमध्ये बसवलं आणि नक्की काय झालं ते शास्त्रशुद्ध समजावून सांगितलं. पाकातली गोडी कमी झाली की मोकळं पाणी कसं वाढतं. गुळातलं यीस्ट. गरम भरल्यावर वाफेचं पाणी वरच्या थरावर कसं पडतं आणि आंबायला तिथूनच कशी सुरुवात होते. कागदावर बाटली काढून दाखवली. इतकं चांगलं मी कॉलेजच्या तोंडी परीक्षेतही बोललो नव्हतो.
ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला हे सगळं माहीत होतं."
मी म्हटलं, अर्थातच.
"मग भरलंत कशाला?"
लाइट गेली होती. पंखा बंद. मोरीवरून एकेक झाकण सुटल्याचा आवाज येत होता.
लायसन्स सस्पेंड. तात्पुरतं, असं मी समजतो. ते तसं म्हणाले नाहीत.
ते गेल्यावर मधुवंतीला विचारलं, तू का कळवलंस? माझ्याशी बोलली असतीस. तिने गॉगल कपाळावर चढवला. डोळ्यांभोवती त्याचे वळ उठले होते. म्हणाली, "सर, नाहीतर पुढच्या थंडीत तुम्ही पुन्हा भरलं असतं."
संध्याकाळी तिने राजीनामा दिला. मी मोठ्या मनाने स्वीकारला. तिने तो स्वीकारायचा का असं विचारलं नव्हतं.

२ मे
सोमेशला जुन्या कंपनीने एजन्सी परत दिली नाही. दुसऱ्या कुणाला दिली. हे त्याने मला सांगितलं नाही, वर्षाराणीला सांगितलं. तिनेही मला सांगितलं नाही. फोनवर बोलताना ऐकलं.
शेड बंद आहे. विचार करायला वेळ मिळतोय, ही जमेची बाजू.
सकाळी कळंब्याच्या तळ्यापर्यंत चाललो. कुणी ओळखीचं भेटलं तर म्हणून टोपी घातली.

१० मे, रविवार
सोमेश, त्याची बायको आणि अर्णव आज जेवायला आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. वर्षाराणीने बोलावलं होतं. आमरस, पुऱ्या, कटाची आमटी. सोमेश उकाड्याबद्दल बोलला, उसाबद्दल बोलला, रस्त्याच्या कामाबद्दल बोलला. मला दाजीच म्हणाला. दोनदा पुरी वाढून घेतली. मी मनात म्हटलं, झालं, विषय संपला. माणसं विसरतात. आपणच उगाच मनाला लावून घेतो.
जेवण चालू असताना अर्णव अंगणातून पळत आला, घामाघूम. आत्याने ताटावर बोलावलं तर म्हणाला, आधी पाणी. माठाजवळ मीच होतो. पेला विसळला, भरला, त्याच्यापुढे धरला.
त्याने पेल्यात बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.
"मामा, आधी तुमी प्या."
सोमेशचा घास हातात राहिला. वर्षाराणी पुरी तळत होती, तिने गॅस बारीक केला.
मी हसून म्हटलं, बघा, संस्कार बघा पोराचे. मोठ्यांना आधी. आजकालच्या मुलांत कुठं दिसतं हे?
अर्णवच्या आईने पदर तोंडाला लावला.
मी प्यायलो. सगळा पेला. पाणी गार होतं, चांगलं होतं, आमच्या माठाचं पाणी कायमच चांगलं असतं. पेला पुन्हा भरला आणि पुढे केला. त्याने घेतला नाही. हात मागे बांधून माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला.
म्हटलं, आता काय बघतोस रे?
म्हणाला, "झोपताय का बघतोय."
मी पेला धरून उभा राहिलो. हात अवघडला. डोळे मिटू नयेत म्हणून ताणून उघडे ठेवले होते, त्यामुळे पाणी आलं. बऱ्याच वेळाने त्याने हात पुढे केला.